पाण्याखालच्या विहिरी

गोदावरी गावात शिरली त्या सकाळी आम्ही साठेक माणसं शाळेच्या गच्चीवर चढलो. मी अंगणवाडीताई. नवरा पूर्ण्याला रेल्वेत, ड्यूटीवर अडकलेला. सोबत आठ वर्षांची लेक आणि सासूबाई. त्यांचं डावं अंग लुळं पडलेलं, म्हणून दोघांनी त्यांना खुर्चीसकट वर आणलं.

दुपारपर्यंत खालच्या खिडक्या बुडाल्या. गच्चीला कठडा नव्हता, त्यामुळं सगळे मधोमध दाटीनं बसलो. लेकराला पाय मोकळे करायलाही जागा नाही. बायांना आडोशाला जायचं तर चौघीजणी साडी धरून उभ्या राहायच्या. समोर उसाचे शेंडे तेवढे पाण्यावर दिसत होते, आणि त्यांच्या पलीकडं भरावावरचा गंगाखेडचा रस्ता. रस्त्यावरची माणसं दिसायची, पण हाक पोचत नव्हती.

मग डोक्यावर भुंग्यासारखा आवाज आला. चार पंखांचं एक छोटं ड्रोन आमच्यावर फिरलं, जरा थांबलं आणि निघून गेलं. पोरांनी हात हलवले. लग्नाच्या शूटिंगला आणतात तसलंच होतं. "बघून गेलं, आता येतील," असं सगळे म्हणाले. दीड-दोन तास कुणी आलं नाही. आपण कुणाला दिसलोय हे कळल्यावर तर बसवेनासंच झालं.

शेवटी सैन्याची रबरी बोट निघाली, पण उसात शिरताच थांबली. मोटारीच्या पंख्यात पाचट गुंतलं होतं. तीन जवान वाकून ते कापत होते आणि आम्ही नुसते बघत होतो. सोडवायला आलेलेच अडकले होते.

मोटार वर उचलून, छातीभर पाण्यातून बोट ढकलत ते शाळेपाशी पोचले. त्यांचा हवालदार साताऱ्याकडचा होता. गळ्यात दोरीनं अडकवलेलं, जुन्या बटणाच्या मोबाईलएवढं एक यंत्र.

"ताई, हा माझा स्वतःचा जीपीएस आहे. डोंगर चढणारे लोक वापरतात तो," तो म्हणाला. "यात इथं रस्ता दाखवतोय. मग मधी ऊस कसा?"

"ती पाणंद हाय दादा, शेतातली अरुंद वाट. दोन्ही अंगानं ऊस हाय. पण तुमी असं चालत येऊ नका. त्या लिंबापाशी विहीर हाय, तिला कठडा न्हाई."

त्यानं वळून मागं बघितलं. ते त्याच लिंबाजवळून चालत आले होते.

"अशा किती आहेत?"

"रस्त्यापर्यंत पाच. आन् दोन जागी काटेरी तार."

"मग तुम्ही पहिल्या फेरीत चला आणि दाखवा."

पहिल्या फेरीत लहान पोरं, एक बाळंतीण, लेक आणि मी. मी हातानं विहीर दाखवायची, पुढं दोरानं बोट ओढणाऱ्या जवानाला हवालदार लांबून वळसा घ्यायला लावायचा आणि यंत्राचं बटण दाबायचा. टुक् असा आवाज यायचा. मी विहिरी ज्यांच्या त्यांच्या नावानं सांगत होते, तो मात्र एक, दोन, तीन अशी खूण घालत होता.

रस्त्याला लागल्यावर मी लेकीला घेऊन उतरले, तर तो म्हणाला, "ताई, अजून एकदा बसा. परतीची वाट पक्की होऊ द्या."

लेकीनं पदर धरला. "आई, तू नगं जाऊ!" मी तिची बोटं सोडवली, तिला शेजारणीकडं दिलं आणि बोटीत बसले. गच्चीवर निदान ती हाताशी होती. आता ना इकडची ना तिकडची, अशी मी त्या रबराच्या काठाला धरून बसले.

दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला सासूबाई यायला तयार होईनात. "मला न्हाई बसायचं त्यात. तुमी जावा." शेवटी हवालदारानंच त्यांना उचलून आणलं. उजव्या हातानं त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतला काहीतरी डबा छातीशी धरला होता.

निम्म्या वाटेत पावसाची जोराची सर आली. लिंब दिसेना, रस्ता दिसेना. आणि तेवढ्यात यंत्र बंद पडलं. सेल संपले होते. हवालदाराकडं जादाचे सेल होते, पण त्याच्या पिशवीत पाणी शिरलेलं. दुसऱ्या जवानानं मोबाईल काढला. ओल्या बोटांना तो दाद देईना, आणि आमच्या विहिरींच्या खुणा त्यात नव्हत्याच.

"ताई, आता कुठं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. वीस वर्षं त्या शेतांतून गेलेली मी, आणि मला काही म्हणजे काही कळेना. चारी बाजूंना सारखंच पाणी, सारखाच पाऊस. "थांबा," एवढंच म्हणाले. पुढचा जवान छातीभर पाण्यात दोर धरून उभा.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"सेल गेले यंत्राचे."

त्यांनी पिशवी पुढं केली. आत त्यांचा उशाशी असायचा तो खिशातला रेडिओ. त्यातनं दोन पेन्सिल सेल निघाले. हवालदारानं अंगाच्या आडोशाला धरून ते बसवले. पडदा उजळला, पण जागा सापडायला यंत्राला वेळ लागला. मग त्यानं पडदा माझ्यासमोर धरला. तीन नंबरची खूण आमच्या अगदी पुढ्यात होती. पाण्यातल्या जवानापासून आठ-दहा पावलांवर.

"मागं ये. हळू," हवालदार त्याला म्हणाला.

रस्त्यावर पोचल्यावर तो मला म्हणाला, "ताई, आता उतरा. राहिलेल्या फेऱ्या आम्ही करतो." उजेड असेपर्यंत त्यांनी सगळ्यांना काढलं. सासूबाईंचं मात्र दुसरंच चाललं होतं. "सेल परत घे त्याच्याकडून. सकाळच्या बातम्या राहिल्यात माझ्या."

लेक शेजारणीच्या मांडीवर होती. मी हात पसरले, तर तिनं तोंड फिरवलं. गंगाखेडच्या मंगल कार्यालयात आमची सोय केली होती. तिथं तिनं भात खाल्ला, पण माझ्या हातून नाही. झोपताना मात्र माझ्या पदराची आपल्या फ्रॉकच्या नाडीशी गाठ मारली आणि मगच डोळे मिटले. मला कपडे बदलायचे होते, अंगावरचं सगळं ओलं होतं. मी तशीच पडून राहिले.