पोकळ अंगठा आणि मावशीचा खडा

ऑनलाइन मागवलेला अंगठा गुलाबी निघाला. माझा स्वतःचा चांगलाच सावळा आहे. हा प्लास्टिकचा, आतून पोकळ, टोपीसारखा खऱ्या अंगठ्यावर चढवायचा. लांबी मोजली, साठ मिलिमीटर. आत छोटा रेशमी रुमाल मावतो. टोपी आधी मुठीत लपवायची, रुमाल बोटानं तिच्यात कोंबायचा, शेवटी अंगठा आत दाबून तिच्यासकट बाहेर काढायचा आणि मूठ उघडायची. रुमाल गायब. खरं तर तो अंगठ्यावरच असतो, सगळ्यांसमोर.

खोपोलीतल्या एका लग्नात जादूगारानं माझ्यापासून हातभर अंतरावर हे केलं होतं. मी कारखान्यात स्टोअर सांभाळतो. एक बोल्ट कमी भरला तरी तो कुठं गेला हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही, आणि इथं तर अख्खा रुमाल गेला होता.

रंग जुळवण्यासाठी टोपी चहाच्या पाण्यात ठेवली. काही चढला नाही. मग बायकोची पावडर लावली, ती रुमालाला लागली.

"मला पावडर पुरत नाही आणि तुम्ही अंगठा नटवताय," ती म्हणाली.

रंगाची गरजच नव्हती, हे पुढं कळलं. अंगठा समोरच्याकडे सरळ रोखला की त्याला फक्त टोक दिसतं. त्याहून चमत्कारिक म्हणजे, मी मुठीकडे पाहिलं की बायकोही मुठीकडेच पाही. एकदा माझी नजर चुकून अंगठ्यावर गेली, तर तिनं लगेच विचारलं, "अहो, सुजलाय का तो?" म्हणजे लपवायची होती ती माझी नजर. हे समजल्यावर मी जेवतानाही लोक कुठं बघतात ते बघत बसायचो.

कुंभिवलीला माझी मावशी राहते. तिच्या नातीच्या साखरपुड्याला जेवणं उरकल्यावर मी ओटीवर रुमाल गायब करून दाखवला. सगळे हसले, पुन्हा कर म्हणाले. मावशी तेवढी हसली नाही. थोड्या वेळानं तिनं मला मागच्या पडवीत बोलावलं.

"माझा खडा बी असाच काढ," ती हळूच म्हणाली.

तिच्या पित्ताशयात खडा होता. पनवेलच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती आणि आता टाळू नका म्हणून बजावलं होतं.

मी हसलो. "मावशी, ती गंमत होती."

"गंमत कशी रं? रुमाल माझ्या डोळ्यांदेखत गेला. दोन म्हयन्यांमागं भगतानं बी माझ्या पोटावर हात फिरवून खडा काढला होता. मला दावला. पर दुखायचं थांबलं नाय, एखादा आत राहिला आसंल. तुज्या हातात हाय, तर तू काढ. मग पोट फाडायचं काम नाय. पोरांना सांगू नको."

जादूचं गुपित कुणाला सांगायचं नसतं, असं शिकवणाऱ्या व्हिडिओत बजावलेलं असतं. पण हिनं माझ्या भरवशावर ऑपरेशन टाळलं तर? मी खिशातून टोपी काढून तिच्या हातावर ठेवली.

तिनं ती उलटसुलट केली, आत बोट घालून पाहिलं, वास घेतला. मग स्वतःच्या अंगठ्यावर चढवायला गेली, पण तिचा अंगठा जाड.

"आता करून दाव."

मी केलं. ती डोळे बारीक करून बघत होती.

"ठावं आसून बी दिसला नाय," ती म्हणाली. "म्हंजे रुमाल गेलाच नवता?"

"नाही. इथंच होता."

तिनं माझ्या अंगठ्यावरची टोपी ओढून काढली आणि आतला रुमाल बाहेर घेतला. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता.

"मग भगतानं काढला तो खडा कुठला रं?"

"ते मी पाहिलेलं नाही, मावशी. त्यामुळं त्यावर काही बोलत नाही. पण तुझे सोनोग्राफीचे दोन्ही रिपोर्ट मी वाचलेत. भगताकडे जाण्याआधी खडा चौदा मिलिमीटर होता, नंतरही चौदाच."

"चौदा म्हंजे किती?"

मी करंगळीचं नख दाखवलं आणि त्याहून थोडा मोठा म्हणालो.

"येवढा?" तिनं स्वतःचं पोट चाचपलं. मग सुनेला हाक मारली, "आगं, दवाखान्याची पिशवी भर गं. त्या तारखेला जायाचं हाय." सून दारात येऊन माझ्याकडे बघत राहिली. कारण हीच सून गेला महिनाभर तिला हेच समजावत होती.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात होतो, तेव्हा डॉक्टर छोट्या बाटलीत खडा घेऊन आले. मावशीनं बाटलीला हात लावला नाही.

"आदी हात दावा, डाक्टर," ती म्हणाली.

ते गोंधळले, पण त्यांनी बाटली टेबलावर ठेवून दोन्ही हात पुढं केले. मावशीनं त्यांचे अंगठे एकेक करून ओढून पाहिले आणि मगच बाटली उचलली.