लक्ष्म्यांचा उंबरा आणि जावेची लाईट

माझ्या धाकट्या जावेच्या घरात लाईट आली त्या दिवसापासून मी जळायला लागले. खोटं कशाला बोलू? शिकलेली माणसं त्याला हेवा म्हणतात, मत्सर म्हणतात. आमच्याकडं जळणं म्हणतात आणि ते पार पोटात होतं.

आमची वस्ती मांजरसुंब्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याला. दोन भावांची दोन घरं आणि मधून ओढा. वाटण्या झाल्या तेव्हा रस्त्याकडची जमीन धाकट्या दिराला गेली आणि ओढ्यापलीकडची, विहिरीची, आमच्या वाट्याला आली. तेव्हा मी लई खूश होते. जाऊ गप्प होती. ती कायमच गप्प असते आणि त्यानंच माझं डोकं जास्त फिरतं. भांडखोर असती तर चार शब्द सुनावून मी मोकळी झाले असते.

मग रस्त्याच्या कडेनं लाईन आली. बघता बघता पोल तिच्या दारात उभा राहिला, मीटर बसलं, बल्ब लागला. आमच्याकडंही लाईटच्या ऑफिसचा माणूस आला होता. ओढ्याच्या काठावर उभा राहून त्यानं पलीकडं नजर टाकली आणि सांगितलं की एका घरासाठी ओढा ओलांडून एवढे पोल, एवढी तार टाकणं परवडत नाही. स्वतःच्या खर्चानं पाहिजे असतील तर अर्ज करा. माणूस वाईट नव्हता, चहा घेऊन गेला. पण बाजारात म्हैस परवडत नाही, लग्नात मांडव परवडत नाही, हे मी ऐकलं होतं. आख्खं घरच परवडत नाही हे पहिल्यांदाच ऐकलं, आणि ते माझं घर होतं. वर डोंगरावर पवनचक्क्या दिवसरात्र फिरतात. त्यांची वीज आमच्या डोक्यावरून कुठल्या कुठं जाते, तिला कुठलाच ओढा आडवा येत नाही.

खर्चाचा आकडा ऐकून हे म्हणाले, पुढच्या साली बघू. ते पुढचं साल अजून यायचंय.

त्याच्याऐवजी आम्हाला सरकारकडून छपरावर सोलरची निळी प्लेट मिळाली, दोन दिवे आणि एक बॅटरी. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात बॅटरीनं मान टाकली ती टाकलीच. कागदावर मात्र आमच्या घरात लाईट आहे. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

इकडं जावेच्या घरी पंखा आला, मिक्सर आला, मग फ्रीज आला. मी पाट्यावर शेंगदाण्याची चटणी रगडत बसायची आणि ओढ्यापलीकडून तिच्या मिक्सरची घरघर कानावर यायची. दोन मिनिटांत हिचं वाटण झालं, मेलीचं, असं मी एकटीच पुटपुटायची. वर मोबाईल चार्ज करायला रोज तिच्याच दारात जावं लागायचं. मी गेले की ती पाट टाकायची, चहा ठेवायची आणि न बोलता पंख्याचं तोंड माझ्याकडं वळवायची. आता सांगा, असल्या बाईवर राग काढायचा तरी कसा? मी घाम पुसत चहा प्यायची आणि मनातल्या मनात तिच्या फ्रीजला शिव्या घालायची.

एका गोष्टीत तेवढी मी तिच्या वरचढ होते. भादव्यात आमच्या घराण्याच्या महालक्ष्म्या माझ्याकडं बसतात. पितळेचे दोन मुखवटे, सासूबाईंच्या सासूच्या वेळचे, माझ्या पेटीत असतात. थोरलीच्या घरी लक्ष्म्या बसायच्या आणि धाकटीनं पुरण शिजवायला यायचं, ही आमच्यातली रीत. आणखी एक रीत आहे. लक्ष्म्यांनी एकदा उंबरा बदलला की त्या माघारी येत नाहीत. ज्या घरात गेल्या त्या घरच्या झाल्या. त्यामुळं तिच्याकडं मिक्सर असो नाहीतर फ्रीज, लक्ष्म्या माझ्याकडं होत्या. मला तेवढं पुरत होतं.

पण मागच्या साली कंदिलाच्या उजेडात आरास कुणाला दिसलीच नाही. गावातल्या बाया हळदीकुंकवाला आल्या, मोबाईलच्या बॅटऱ्या मारून मुखवटे बघितले आणि पाय न टेकता ओढा ओलांडून जावेच्या घरी गेल्या. तिथं पंख्याखाली गप्पा रंगल्या. सासूबाई माझ्याच घरी राहतात, पण त्या दिवशी त्याही उठून तिकडं गेल्या. त्यांना कमी दिसतं, अंधारात ठेचा लागतात. मी लक्ष्म्यांपुढं एकटी बसून भिजलेल्या वाती सरळ करत राहिले.

यंदा पोळा झाला आणि सासूबाईंनी तोंड उघडलं.

"लक्ष्म्या यंदा धाकटीकडं बसवू. उजेड हाय तिथं. लक्ष्मीला अंधारात काहून बसवायचं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षं तेलाच्या दिव्यात बसलेल्या लक्ष्म्यांना आताच अंधार कसा दिसायला लागला, असं मी विचारलं. हे खाली मान घालून वैरण कापत राहिले. मी पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली, पण मला कळत होतं की कुलपानं काही होणार नाही. सासूबाईंनी एक शब्द टाकला असता तर मला मुखवटे काढून द्यावे लागले असते. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

एकच इलाज होता. वस्त्यांवर सगळीकडं करतात तसं जावेच्या मीटरवरून वायर ओढून आणायची. हे आधीही करता आलं असतं. तिनं स्वतःहून दोनदा म्हटलं होतं की वायर घेऊन जा, आणि दोन्ही वेळा मी नाक मुरडलं होतं, उसना उजेड नको म्हणून. आता मलाच तिच्या दारात जावं लागलं. तिचा चहा प्यायले, कपबशी विसळून ठेवली. शेवटी मीच म्हणाले की सणापुरती वायर दे. ती लगेच हो म्हणाली. अडवून बोलली असती, जरा भाव खाल्ला असता, तर मला किती बरं वाटलं असतं!

दोन्ही भावांनी बाभळीच्या बल्ल्या रोवून ओढ्यावरून वायर आणली. बीडहून मी रंगीत माळा आणल्या आणि मुखवट्यांवर पडेल असा एक मोठा फोकस लावला. सासूबाई डोळे चोळत बघत राहिल्या आणि म्हणाल्या, आता कशाला कुठं न्यायच्या, हितंच बसू द्या. कमरेची किल्ली काढून मी पेटी उघडली.

लक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी संध्याकाळी घर बायांनी भरलं. जाऊ सकाळपासून माझ्याच चुलीपुढं होती, पुरण शिजवत, पोळ्या लाटत. दिवे लागायच्या वेळेला मी बटण दाबलं तर माळा नुसत्या मिणमिणल्या. फोकस तर पिवळा पडून गेला. सणाचा दिवस, सगळ्या गावानं दिवे लावलेले, त्यात आमची वायर लांबची. व्होल्टेजच पुरेना. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. सासूबाईंनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि ते मला न ऐकताही कळलं.

आरतीचं ताट हातात घेतलं आणि एकदम लख्ख उजेड झाला. माळा पळायला लागल्या, मुखवट्यांवरची नथ चमकली. बाया खूश झाल्या, लहानथोरांनी टाळ्या वाजवल्या. मी घसा फोडून आरती म्हटली. नंतर हळदीकुंकू घेताना एकजण म्हणाली की असली आरास पंचक्रोशीत नाही. सासूबाईंनी सगळ्यांदेखत माझ्या पाठीवरून हात फिरवला. लक्ष्म्या माझ्याच राहिल्या, आता त्यांना हलवायची कुणाची बिशाद नव्हती.

हात धुवायला मागच्या दारी गेले आणि ओढ्यापलीकडं बघितलं. जावेचं घर दिसतच नव्हतं. नुसता काळोख.

आत येऊन तिला चुलीपाशी गाठलं. ती पाठमोरी पोळी भाजत होती.

"तुझ्याकडची लाईट गेली का गं?"

"न्हाई अक्का. मघाशी जाऊन मीच आमच्या घरापुरता मेन बंद करून आले. दोन्हीकडं पुरंना."

"आन् भाऊजी?"

"बसलेत अंगणात. एक रात्र काय हुतंय?"

आणि तिनं पोळी उलटली. माझ्याकडं वळूनही बघितलं नाही.

मी तिच्या पाठीवर हात ठेवायला पाहिजे होता. दोन चांगले शब्द बोलायला पाहिजे होते. बाहेर बाया माझं नाव घेत होत्या, घर उजळलेलं होतं, लक्ष्म्या माझ्या उंबऱ्याच्या आत होत्या, आणि मी तिथं तशीच उभी राहून जळतच होते. माझ्यासाठी बंद करायला तिच्याकडं बटण होतं. तिच्यासाठी बंद करावं असं माझ्याकडं काय होतं?