पावलाचं माप विचारणाऱ्या आत्या

हुंकार आला नाही, की आत्या पोथी थांबवायच्या. चष्म्यावरून समोर पाहायच्या. "सगळे झोपलाव व्हय?" मग मारुतीच्या देवळात एकदम "हूं" उठायचा आणि ओवी पुढे सरकायची. कळंब तालुक्यातल्या आमच्या गावात श्रावणातली पोथी त्याच वाचत, अर्थही त्याच सांगत.

हुंकाराची ही सवय गावाला एकदा महागात पडली. ग्रामसेवकाने ग्रामसभेत ठराव वाचला : गायरानातली थोडी जागा सौर प्रकल्पाला द्यावी. वाचून तो श्वास घ्यायला थांबला आणि सभेने सवयीने "हूं" केलं. ठराव मंजूर झाला. तारेचं कुंपण पडलं तेव्हा अर्धं गायरान आत गेलं होतं आणि मेंढपाळ लक्ष्मणची मेंढरं बाहेर उभी होती.

त्या श्रावणात आत्यांनी बळीची गोष्ट लावली. "बळी लई चांगला राजा. पण बुटका बटू तीन पावलं जागा मागतोय म्हणल्यावर हसला अन् व्हय म्हणला. गुरू सांगत हुता, थांब. यानं पावलाचं माप इचारलंच न्हाय."

"आत्या, मागणारा देव हुता की," कुणीतरी म्हणालं.

"मग? देवाला बी माप इचारावं. हितं तर कंपनी हाय."

देऊळ हसलं. हुंकार द्यायचं मात्र विसरलं.

पुढच्या ग्रामसभेत पुन्हा ठराव आला. "गायरानातली आणखी थोडी जागा," ग्रामसेवकाने वाचलं आणि तो थांबला. हुंकार आला नाही. सभेत कधी तोंड न उघडणारा लक्ष्मण उठला.

"साहेब, पाऊल केवढं हाय?"

हशा झाला, पण ग्रामसेवकाला गट नंबर वाचावे लागले. थोडी जागा म्हणजे उरलेलं सगळं गायरान होतं. ठरावाच्या बाजूने एकही हात वर गेला नाही; सरपंचांचाही नाही. उरलेलं गायरान चराईलाच राहील, असा ठराव तिथेच लिहिला गेला, वाचला गेला.

आत्या बायकांत बसल्या होत्या. जन्मभर त्यांनी हुंकार घेतला, दिला कधीच नव्हता. चष्मा काढून त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हूं." मागोमाग सगळी सभा.

आत्या आता नाहीत. पोथी त्यांची सून वाचते. बटू तीन पावलं मागतो तिथे ती थांबते, आणि हुंकाराआधी देवळातून कुणीतरी विचारतंच, "केवढी?"