तीन बोटं वर

दिनूभावजी गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या कानात त्यांचाच आवाज चालू होता. हेडफोन लावून मी पुढच्या भागातले त्यांचे खोकले कापत बसले होते. शेजारच्या सुमनने खांद्यावर हात ठेवला, तिचे ओठ हलले, पण मला ऐकू आलं ते भावजींचं, "बरं, मग पुढे काय दिसलं?" ते बाजारात मासळी घेताना कोसळले होते. हेडफोन काढायचा मला धीरच होईना... दोन महिने होत आले, तो प्रश्न अजून कानातून गेलेला नाही.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. खाडीपलीकडच्या गॅस प्लांटमधून निवृत्त झाले आणि चार माणसांसारखं देवळाच्या पारावर बसायचं सोडून यूट्यूबवर 'आभाळाखाली' सुरू केलं. आभाळात कुणाला उमगत नाही असं काही दिसलं, की भावजी त्याच्या दारात हजर. मी आवाज साफ करायची आणि फावल्या वेळात टोमणे मारायची. पण माणूस चोख. साक्षीदाराला घरात बसवून बोलतं करायचे नाहीत, जिथे दिसलं तिथेच, त्याच वेळेला उभं करायचे, हात ताठ पुढे करून क्षितिजावर बोटं आडवी धरायला लावून विचारायचे, "किती बोटं वर?" मिठागरावर दिवस बुडायला किती अवकाश आहे, ते त्यांचे वडील असंच बघायचे. मग निकाल: 'उलगडलं', 'बनाव' किंवा, कोडं सुटलंच नाही तर, 'राहिलं'. 'राहिलं' म्हणायला दुसरा साक्षीदार लागायचाच. असलं काही मानणारे त्यांना सरकारचा माणूस म्हणायचे, न मानणारे भोंदू. दोन्हीकडून शिव्या आल्या की स्वारी पोटभर जेवायची.

एकदा मिठागरावरच्या हिराबाईंना तिन्हीसांजेला बांधावरून तांबूस उजेड दिसला. जागचा हलत नव्हता, आणि खालच्या पाण्यात त्याचं प्रतिबिंब पडत नव्हतं. तीन बोटं वर, प्लांटच्या दिशेला. ही तर आमच्या प्लांटच्या, जादा गॅस जाळणाऱ्या चिमणीची आग ढगावर उजळलेली, असं सांगून भावजींनी 'उलगडलं' करून टाकलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "जल्मापासून तिच्या उजेडान मीठ काडलंय. ती आग मना नाय कलनार?" गाव पुष्कळ हसलं. बाईंनी बांधावर जाणंच सोडलं.

चूक आमच्या गावातच होऊ शकेल अशी होती. ती आग जळतेय का, हे इथे कुणी मान वर करून बघत नाही, ती जळतेच. पुढे एका लग्नात जुन्या सहकाऱ्याने सहज सांगितलं, की त्या आठवड्यात दुरुस्तीसाठी प्लांट बंद होता, आग विझवलेली होती. भावजींनी ताट तसंच ठेवलं. घरी येऊन त्यांनी हिराबाईंची माफी मागून ती रेकॉर्ड केली आणि मी ती कापली. जुनं कशाला उकरता, हसं होईल, असं मीच म्हणाले. ते भांडले नाहीत. "बघू, वहिनी," एवढंच.

तेराव्यानंतर त्यांच्या शर्टाच्या खिशात छोटा रेकॉर्डर सापडला. शेवटचं रेकॉर्डिंग ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळचं. वारा, बांधावर चपलांचा आवाज. मग भावजी, नेहमीच्याच सुरात: "प्लांट आज पुन्हा बंद आहे. फोन करून खात्री केली." बराच वेळ फक्त वारा... "हात पुढे केलाय. तीन बोटं." पुन्हा वारा. आणि अगदी हळू, "पाण्यात काही नाही."

त्या संध्याकाळी ते घरी आले, माझ्यासमोर बसून जेवले, आणि मला काही बोलले नाहीत. कापणारीला काय सांगायचं! याचं मला फार वाईट वाटतं.

माफीचा तुकडा मी जसाच्या तसा, खोकल्यासकट, प्रसारित केला. मग रेकॉर्डर घेऊन हिराबाईंकडे गेले. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. म्हणाल्या, "मंग आता आमी दोगां जालांव." मी तिथेच बसून त्या भागावर 'राहिलं' लिहिलं.

हल्ली दिवेलागणीला गच्चीवर कपडे काढायला जाते, तेव्हा आधी आग जळतेय का ते बघते. जळत असते. तरीही कपडे एका खांद्यावर टाकून मी हात ताठ पुढे करते, आणि कुणीतरी विचारायची वाट बघत तशीच उभी राहते.