पुरणाचं पातेलं

कृती लिहिणाऱ्याचं काय जातं? ‘मंद आचेवर तीन तास ठेवा, मांस हाडापासून सुटेपर्यंत’ असं लिहून तो मोकळा. कशात ठेवा, हे आमच्या घरात आधी विचारावं लागतं.

बायको मांसाहार करत नाही. मी आणि लेक करतो. लग्न झाल्या झाल्याच ठरलं होतं की माझी भांडी वेगळी राहतील. इथे परदेशात, पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये ती बाल्कनीतल्या कपाटात असतात, एक कुकर आणि एक पातळ कढई. इतकी वर्षं माझं त्यात काही अडलं नाही. मटण म्हणजे कुकर आणि चार शिट्या, एवढंच मला येतं.

लेकीने एका मैत्रिणीकडे मोरोक्कन स्ट्यू खाल्ला होता. लॅम्ब, दालचिनी, सुंठ, जर्दाळू. मी एकदा तो कुकरला लावला, तर जर्दाळूंचं पार पिठलं झालं.

“बाबा, हा आपला रस्साच आहे, फक्त गोड,” ती इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली. “स्लो कुक करायचं असतं, लाह.”

म्हणून त्या शनिवारी, बायको सेंगकांगला मुलांचे दिवसभराचे मराठीचे वर्ग घ्यायला गेल्यावर, मी बेडोकच्या बाजारातून लॅम्बचा खांदा आणला आणि कढईत शिजत घातला. अर्ध्या तासात खाली लागलं. आच कमी केली तर गॅस विझला, पेटवला तर पुन्हा लागलं. मी कढईवर चिडलो, गॅसवर चिडलो, शेवटी लेकीवर खेकसलो, “तुझ्या आईच्या वरणभातात काय वाईट होतं?”

आणि ओट्याखालून पुरणाचं पातेलं काढलं.

हे पातेलं सासूबाईंनी दिलेलं. पितळी, जाड बुडाचं, आतून कल्हई केलेलं. इथे कल्हई करणारा कुठे मिळणार? म्हणून बायको पुण्याला जाताना ते सामानात घालून नेते आणि चकचकीत करून परत आणते. पुढच्या रविवारी पाडवा होता. मला हे सगळं माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं.

लेक दारात थिजली. “बाबा! आई विल किल यू.”

“तिला कळायला नको. ती यायच्या आत घासून ठेवतो.”

स्ट्यू उत्तम झाला, हेही सांगायला हवं. लेकीने दोनदा वाढून घेतला. मला घास गोड लागला नाही. घड्याळ बघत कसाबसा जेवलो आणि उरलेलं कुकरमध्ये ओतून पातेलं घासायला बसलो. चरबीचा वास जाईना. लिंबू झालं, गरम पाणी झालं, मग तारेची घासणी घेतली आणि जीव खाऊन घासलं. धुऊन उजेडात धरलं तर आत पांढऱ्याच्या मधोमध तळहाताएवढा पिवळा डाग. कल्हई निघाली होती. मी ते ओट्याखाली पालथं ठेवलं, जणू त्याने डाग भरून येणार होता.

बायको आली, पाणी प्यायली, नाक वर करून म्हणाली, “छान वास येतोय. दालचिनी?” आणि पाडव्यासाठी काय काय आहे ते बघायला खाली वाकली.

“याला काय झालं?”

“काय झालं?” मी विचारलं. वर जवळ जाऊन, वाकून, आत बघितलंसुद्धा. याची मला आजही लाज वाटते.

लेक हातातल्या फोनमधून डोकं वर काढेना. तिलाही मी यात ओढलं होतं. मग सांगितलं. कढईपासून घासणीपर्यंत सगळं.

“किती वेळ शिजवलंस?”

“तीन तास.”

“तीन तासांत एकदाही वाटलं नाही तुला?”

“प्रत्येक वेळी ढवळताना वाटलं.”

“मग?”

“मग ढवळलं.”

लेकीला हसू फुटलं. बायकोला नाही. ती पातेलं घेऊन खिडकीशी गेली. “अरे, मटण शिजवलंस तर शिजवलंस. नवी कल्हई केली की भांडं नवं होतं. माझी आई सोवळ्याची होती, तीही हेच म्हणाली असती. मला फोन करून सांगितलं असतंस तर चिडले असते, दोन दिवस बोलले नसते. तू घासत काय बसलास चोरासारखा?”



पाडव्याला तिने पुरण केलंच नाही, श्रीखंड विकत आणलं. पुढच्या महिन्यात मी ऑफिसच्या कामाने पुण्याला जाणार आहे. पातेलं टॉवेलात गुंडाळून तिने माझ्या बॅगेशेजारी आतापासूनच ठेवलंय.

“कल्हईवाला विचारेल, इतकी कशाने खरवडली म्हणून,” ती काल म्हणाली.

“काय सांगू त्याला?”

“बघ,” ती म्हणाली, “अजूनही विचारतोच आहेस.”