विकायला ठेवलेलं दाजींचं घड्याळ

आधीच सांगतो, मी भुताखेतांच्या गोष्टींत रमणारा माणूस नाही. नाशिक रोडला स्टेशनच्या रस्त्यावर आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान, वडिलांपासूनचं. डोळ्याला भिंग लावून आयुष्य गेलं. घड्याळ चालतं त्याला कारण असतं आणि बंद पडतं त्यालाही कारण असतं, हे मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवलंय की बायको त्यावरून माझी नक्कल करते. पण हा एक अनुभव मला आजवर कुठल्याच कारणात बसवता आलेला नाही...

माझी थोरली बहीण अक्का. तिच्या लग्नात वडिलांनी जावयाला सोन्याचं ऑटोमॅटिक घड्याळ दिलं होतं, स्विस. ऑटोमॅटिक म्हणजे रोज चावी द्यावी लागत नाही. आत एक अर्धगोल वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग भरत राहते. मनगटावरून काढून ठेवलं की दीड-दोन दिवसांत घड्याळ थांबतं. थांबायलाच हवं.

दाजी रेल्वेत, ड्युटी इगतपुरीला. लहानपणी झाडावरून पडल्यामुळे एक पाय आखूड होता, त्यामुळे चालताना डावा हात जोरात झोकायचे. आणीबाणी उठली त्या वर्षी एका सकाळी गाडीच्या घाईत दुकानात आले. घड्याळाचा पट्टा तुटला होता. "मधू, नवा घालून ठेव, संध्याकाळी नेतो," म्हणाले आणि गेले. इगतपुरीला ते पोचलेच नाहीत. पोलीस झाले, इस्पितळं झाली, नातेवाईक झाले — काही पत्ता लागला नाही. घड्याळ मी अक्काकडे दिलं. तिने ते कपाटात साड्यांखाली ठेवलं आणि तिथे ते बंद पडलं.

आमच्याकडे बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, म्हणजे माणूस गेला असं धरायचं. बारा वर्षं भरत आली आणि नेमकं तेव्हाच भाचीचं, सुमनचं, लग्न ठरलं. मुलाकडचे लोक चांगले होते, पण त्यांनी विचारलं, पत्रिकेत वडिलांच्या नावाआधी 'कै.' लावायचं की नाही? त्यांचंही काही चुकलं नाही, पत्रिका छापायला टाकायची होती.

सायखेड्याहून अक्काचे धाकटे दीर नाना आले. "वहिनी, लय झालं आता. या अमावस्येला रामकुंडावर विधी उरकून टाकू. पोरीच्या लग्नात लोकांना काय सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी अक्का घड्याळ घेऊन दुकानात आली. "विकून टाक मधू. पुतळा जाळल्यावर हे घरात असलं तर मला बघवणार नाही."

मी ते उघडलं, साफ केलं, तेल घातलं, शोकेसमध्ये ठेवलं आणि काचेवर 'विकणे आहे' अशी चिठ्ठी लावली. नोटांच्या सरकारी प्रेसमधल्या एका गृहस्थांना ते फारच आवडलं. रविवारी बायकोला दाखवायला आणतो, म्हणाले.

पण ते थांबेना. शेजारी ठेवलेली दुसरी ऑटोमॅटिक घड्याळं केव्हाच बंद पडली होती. हे आपलं मिनिटाचाही फरक न पडता चालूच. वाटलं, रस्त्यावरच्या ट्रकांनी शोकेस हादरत असेल. म्हणून आठवडी सुट्टीच्या आधी ते कापसात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवलं, आणि सुट्टीनंतरही एक दिवस तसंच राहू दिलं. बाहेर काढलं तर चालूच.

मग मात्र मी मागचं झाकण उघडलं. भर दुपार होती, घड्याळ टेबलावर पालथं होतं, माझा हात त्याला लागलेला नव्हता. आतलं वजन फिरत होतं. एकदा मोठा झोका, एकदा लहान. मोठा, लहान... मध्येच थांबायचं, कुणी दम खायला उभं राहावं तसं, आणि पुन्हा सुरू. ती चाल मी ओळखली. भीतीपेक्षा मला वाईट वाटलं. हा माणूस इतकी वर्षं चालतोय, मग घरी का येत नाही?

अक्काला सांगावं की नाही, हे ठरवायला मला वेळच मिळाला नाही. विधीचं सामान घ्यायला निघालेले ती आणि नाना त्याच दुपारी दुकानावर आले. झाकण उघडंच होतं. अक्का वाकून कितीतरी वेळ बघत राहिली.

नानांचा चेहरा पांढरा पडला. "आत्मा अडकलाय त्याचा. आता तर विधी केलाच पाहिजे, वहिनी."

"चालतायत ते," अक्का म्हणाली. "चालत्या माणसाला मी आग लावू?"

"आन् मेला असंल तर? असाच भटकत ठिवणार का त्याला?"

दोघांचंही बरोबर होतं, हेच वाईट. दोघं माझ्याकडे बघायला लागले, जणू मी घड्याळवाला म्हणजे मला कळायलाच हवं. अक्काने मला झाकण बसवायला सांगितलं. मग घड्याळ उचललं आणि तो सैल, पुरुषी पट्टा स्वतःच्या मनगटावर बांधला, बांगड्यांच्या वर. शोकेसवरची चिठ्ठी तिनेच काढली.

"आता माझ्या हाताने चालेल," ती नानांना म्हणाली. "कुणामुळे चालतंय ते कुणाला कळायला नको. मलापण नको."

विधी झाला नाही. पत्रिकेत दाजींचं नाव 'कै.'शिवाय छापलं. नाना रुसले, पण लग्नाला आले. ठरल्याप्रमाणे रविवारी ते प्रेसवाले बायकोला घेऊन आले होते, त्यांना मी 'घरच्यांनीच ठेवून घेतलं' एवढंच सांगितलं.

घड्याळाच्या धंद्यातले लोक हे वाचून हसतील. मीही हसलो असतो. बिघाड म्हणावा तर ऑटोमॅटिकच्या बिघाडात घड्याळ थांबतं, कुणी न घालता चालत नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही.

अक्का ते घड्याळ आंघोळीपुरतं काढायची, लगेच घालायची. सुमनच्या लग्नानंतर मी न राहवून तिला म्हटलं, "चार दिवस काढून ठेव. बघू तरी अजून चालतंय का."

तिने मनगटावर दुसरा हात ठेवला. "आणि थांबलं तर?"

मी पुन्हा तो विषय काढला नाही.