शिंगांवरचं कोमट तेल

भूतबित म्हटलं की हसणाऱ्यांतली मी. अजूनही हसते. पण ओमानमध्ये, बर्का गावातल्या बैलांच्या रिंगणात माझ्या बाबतीत जे झालं ते काही हसण्यावारी नेता येत नाही... म्हणून लिहितेय.

२०१४-१५चा हिवाळा. माझा नवरा मंगेश तिथे एका अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे, ड्रायव्हर होता; मी आणि आमची मुलगीही तिथेच राहायचो. अर्बाबला बैलांच्या टकरींचा भारी नाद. शुक्रवारी दुपारी कधी बर्का, कधी सोहार — छातीएवढ्या भिंतीचं जुनं गोल रिंगण, दोन तोडीस तोड बैल. रक्त सांडत नाही, जो मागे हटला तो हरला. मंगेश रत्नागिरीकडचा, गुरांत वाढलेला. ड्रायव्हिंग राहिलं बाजूला, हा अर्बाबच्या काळ्या बैलाचंच करत बसायचा. मी त्या बैलाला माझी सवत म्हणायचे.

पहिल्याच वर्षी त्याने घोळ घातला. गावच्या सवयीने टकरीआधी शिंगांना कापूर घातलेलं खोबरेल चोळलं. तिथे ती लबाडी — तेलाने शिंगं निसटतात. बैल बाद झाला, अर्बाबने सगळ्यांदेखत झापलं. तेव्हापासून तेल टकर संपल्यावरच. थंडीत ते गोठायचं, मग मंगेश तळहातांवर चोळून पातळ करायचा आणि बैल मान खाली घालून उभा राहायचा.

त्या डिसेंबरात मंगेश गेला. गाडीतच, हार्ट अटॅक. त्याला गावी आणलं ती पेटी सीलबंद, मोठ्यांनी उघडू दिली नाही. मला त्याला शेवटचा हातसुद्धा लावता आला नाही. रडूही आलं नाही, नुसता राग... सगळ्यांचा.

जानेवारीत मुलीला घेऊन घर आवरायला परत गेले. अर्बाब दारात आला. म्हणाला, "भाभी, बैल खाता नहीं. एक बार आओ, तुमको पहचानता है." माझा माणूस गेला आणि मी बैलाची समजूत काढू? पण गेले. मंगेशची माया लागलेलं तिथे तेवढंच तर उरलं होतं.

शुक्रवारी टकरीच्या वेळी आम्ही दोघी रिंगणाच्या भिंतीलगत उभ्या होतो. बैल आत आला, समोरच्या बैलाकडे त्याने बघितलंही नाही. सरळ आमच्याकडे आला आणि मान खाली घातली. मी शिंगावर हात ठेवला — तेल. पातळ, कोमट, कापराच्या वासाचं. मुलीची मराठी अडखळती. माझा तळहात हुंगून म्हणाली, "आई... बाबांचा हात."

मी तिथेच, रिंगणाभोवती गाड्या लावून बघणाऱ्या सगळ्यांसमोर, मोठमोठ्याने रडले.

शिंगांना तेल म्हणून बैल बाद झाला. पण टकरीआधी बैल सांभाळणाऱ्या गड्याने शिंगं कोरडी पुसली होती, पंचाने स्वतः हात फिरवून बघितली होती. या वेळी अर्बाबने कुणालाच झापलं नाही. "खलास" म्हणाला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

घरी येऊन आधी तेलाची बरणी काढली. कपाटाची किल्ली माझ्याकडेच होती. तेल पांढरंफेक गोठलेलं, आणि वर मंगेशने शेवटचं काढलं तेव्हाचा बोटांचा खड्डा तसाच.

लोक म्हणतात, कुणीतरी लावलं असेल. असेलही. पण त्या गार वाऱ्यात ते कोमट कसं राहिलं?

बरणी कपड्यांत गुंडाळून गावी आणली. बॅग उघडली तर इथल्या उकाड्याने तेल वितळलं होतं. बोटांची खूण गेली होती.